भाऊबीजेला मामा किती वाजता आला

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१४ सप्टेंबर २०२५

ऋचा,

घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. कोइमतूरला पंपांच्या कंपनीत तू डिझाइन विभागात आहेस, एवढंच मला माहीत आहे, तेही कंपनीच्या वेबसाइटवर तुझा फोटो दिसला म्हणून. केस कापलेस. चांगले दिसतात.

मराठी वाचायला तुला वेळ लागतो, ते मला ठाऊक आहे. मराठीच्या बाईंची मुलगी आणि जोडाक्षरापाशी अडखळते, म्हणून शाळेत सगळे मला हसायचे. सावकाश वाच, पण पूर्ण वाच. सहा वर्षांनी लिहिते आहे.

मी बरी आहे. गुडघा दुखतो. गंगू अजून कामाला येते, आणि येताना रोज तीच तक्रार घेऊन येते की चौकात बस थांबत नाही.

लिहायचं कारण असं. अप्पारावांच्या मुलीने, प्रियाने, कोर्टात अर्ज करून जुन्या केसचा तपास पुन्हा सुरू करून घेतला आहे. अप्पाराव तुला आठवत असतील. बाबांचे रेल्वेतले मित्र, निवृत्त लोकांच्या घर सोसायटीचे सेक्रेटरी. २०१२ च्या भाऊबीजेला कुकटपल्लीत सोसायटीच्या ऑफिसात त्यांना मारहाण झाली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. मामाच्या प्रहरी दलातल्या तीन मुलांना तेव्हा पकडलं होतं. मामाचंही नाव आलं होतं, पण त्या दिवशी दुपारी तीनपासून तो आपल्याकडे होता, असा जबाब मी दिला आणि त्याचं नाव वगळलं गेलं. आता त्या तिघांतला किशोर फिरला आहे. मामा स्वतः तिथे होता, असं तो म्हणतो.

तेव्हा तपास करणारे तुलाही फोन करतील. त्या दिवशी घरात आपण दोघीच होतो. तू एकोणीस वर्षांची होतीस, अभ्यासात होतीस, आता तेरा वर्षं होत आली. मामा किती वाजता आला ते आठवत नाही, असं म्हणालीस तर त्यात खोटं काही नाही. इतक्या वर्षांनी कोणाला काय आठवतं?

मामाला विधान परिषदेवर घ्यायचं पक्षात चाललं आहे. त्याने लोकांसाठी पुष्कळ केलं, हे तू तरी विसरू नयेस. २००० साली ऑगस्टमध्ये पाणी शिरलं, तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्यांना त्याने पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं. तू सात वर्षांची होतीस. त्याच्या खांद्यावर बसून हसत होतीस.

प्रकृतीची काळजी घे.

आई


चिक्कडपल्ली
६ ऑक्टोबर २०२५

ऋचा,

तुझं पाकीट परवा मिळालं. आत माझंच पत्र परत आलं. 'इतक्या वर्षांनी कोणाला काय आठवतं' या वाक्याखाली तू लाल रेघ मारली आहेस, आणि खाली मराठीत लिहिलं आहेस: 'आई, हे तू लिहिलंस की मामाने?' तुझं मराठी अक्षर मी किती वर्षांनी पाहिलं. पहिलीतल्या मुलीसारखं आहे.

मामा समोर बसला होता. बाबांच्या खुर्चीत. काय लिहायचं ते त्याने सांगितलं, कसं लिहायचं ते मी ठरवलं. पुराचं त्याने सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या मनाने घातलं. तू विचारलंस म्हणून सांगते.

माझा फोनही त्यानेच घेऊन दिलेला आहे, म्हणून फोनवर मी काही बोलत नाही. हे पत्र मी स्वतः चिक्कडपल्लीच्या पोस्टात नेऊन टाकणार आहे.

आपलं बोलणं तुटायच्या आधी तू एकदा मला विचारलं होतंस, मामा असा कसा झाला? तेव्हा मी तुला गप्प केलं. आता सांगून काही उपयोग आहे की नाही, कोण जाणे, पण सांगते.

आमची आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची, तो नऊ. आमचे वडील, अण्णा, महसूल कचेरीतून संध्याकाळी येत आणि वर्तमानपत्रात तोंड घालून बसत. प्रकाशची वेणीफणी सोडून सगळं मी केलं, असं शेजारीपाजारी म्हणायचे. कुत्र्याला घाबरायचा, म्हणून मी त्याला शाळेत सोडून मग कॉलेजला जायची. एकोणिसाव्या वर्षी तो सिकंदराबादला सैन्याच्या भरतीला गेला. धावण्यात पहिल्या दहांत आला. नंतर डॉक्टरांनी पाय ओले करून फरशीवर चालायला लावलं, आणि सबंध तळव्याचा ठसा उमटला. सपाट पाय. त्याला तिथूनच परत पाठवलं. घरी येऊन म्हणाला, जागा भरल्या होत्या. खरं कारण मला त्याच्या खिशातल्या कागदावरून कळलं. मी त्याला कधी सांगितलं नाही की मला कळलं आहे.

नंतर आमच्या भागात चोऱ्या वाढल्या, तेव्हा त्याने पंधरा-वीस मुलं जमवली. राखाडी शर्ट, तपकिरी पट्टा, हातात काठी, गळ्यात शिट्टी. प्रहरी दल. कवायतीला जागा नव्हती. आमच्या शाळेचं मैदान मी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकून मिळवून दिलं. रविवारी सकाळी ती मुलं रांगेत उभी राहायची आणि प्रकाश त्यांच्यापुढून चालत जायचा. सैन्याने घेतलं नाही, तर त्याने स्वतःचं सैन्य केलं. मी खिडकीतून पाहायची. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू?

पहिल्यांदा एका उमेदवाराने मतदान केंद्राबाहेर उभं राहायला मुलं मागितली. नुसतं उभं राहायला. मग दुकानदारांनी मागितली. मग कोणा भाडेकरूला घराबाहेर काढायला. मग एका पक्षाने, मग दुसऱ्या पक्षाने. चोऱ्या थांबल्या होत्या, दल वाढतच होतं. सगळे त्याला प्रकाशन्ना म्हणू लागले. तो नगरसेवक झाला, तेव्हा गल्लीभर मिठाई वाटली. त्याच्यावर किती गुन्हे आहेत, ते मी निवडणुकीच्या अर्जात वाचलं. अकरा. ते पान मी दुमडून कपाटात ठेवलं आणि तुला दिसू दिलं नाही.

कुकटपल्लीच्या जमिनीवर त्याची नजर गेली, तेव्हा सोसायटीच्या बाकीच्या सभासदांनी सह्या करून दिल्या. अप्पारावांनी दिली नाही. त्या दुपारी ते ऑफिसात एकटे असतील, हे प्रकाशला कसं कळलं, देव जाणे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. आणखी काही विचारू नकोस.

आई


चिक्कडपल्ली
२४ ऑक्टोबर २०२५

ऋचा,

काल गंगूच्या फोनवरून तुला निरोप केला, तो मिळाला असेल. तुझा नंबर तू पाकिटावर घरच्या पत्त्याखाली लिहिला होतास. निरोपात एवढंच लिहिता आलं: 'मामाला पत्ता कळला, चार दिवस दुसरीकडे जा.' काय झालं ते आता लिहिते.

काल भाऊबीज. मामा दुपारी आला. खाली दोन गाड्या, जिन्यात चार मुलं. आत एकटाच आला.

"अक्का, ऋचाचं काही उत्तर?"

"नाही आलं."

"येईल. तुझी लेक आहे."

ओवाळून घ्यायच्या आधी तो देवाला डोकं टेकवतो, लहानपणापासून. मी ते विसरले होते. तुझं पाकीट मी देव्हाऱ्यात ठेवलं होतं, समईच्या मागे. दुसरीकडे ठेवायला मन झालं नाही. त्याने डोकं टेकवलं, वर पाहिलं, आणि हात घालून पाकीट काढलं.

मला वाटलं, ओरडेल. ओरडला नाही. आतलं पत्र काढून तुझी ती ओळ वाचली, मागचा पत्ता वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि पाकीट होतं तिथे परत ठेवलं. समई किंचित सरकली होती, ती नीट केली.

"प्रकाश, तिच्या वाटेला जाऊ नकोस."

"वाटेला कोण जातंय? भाची आहे माझी. दोन पोरं जाऊन भेटून येतील. दिवाळीचं पोचवतील आणि परत येतील. फराळ केलाच असशील ना? डबा भर."

मी उभीच राहिले.

"अक्का, डबा भर. मामाकडून गेलेला डबा आणि आईकडून गेलेला डबा, यात फरक असतो. तुझा पाहून ती दार उघडेल."

मी डबा भरला, ऋचा. चकल्या वर ठेवल्या, खाली लाडू, मध्ये कागद घातला, चकल्या मऊ पडू नयेत म्हणून. तू लहान असताना सहलीला निघायचीस तेव्हा भरायची, तसाच. मग तो पाटावर बसला. म्हणाला, "चल, ओवाळ." आणि मी ओवाळलं. तबक हातात होतं. फेकून द्यावं, असं मनात आलं होतं, एवढं सांगून मला काही मिळवायचं नाही, कारण मी फेकलं नाही.

तो जिना उतरल्यावर मी गंगूकडे फोन मागितला. तिने नंबर टाकून दिला आणि भांडी घासायला गेली.

हे पत्र पोचेपर्यंत ती मुलं कदाचित येऊन गेलेली असतील. दार उघडू नकोस.

आई


चिक्कडपल्ली
८ नोव्हेंबर २०२५

ऋचा,

तुझा फोन गंगूच्या फोनवर आला, तेव्हा मी जेवायला बसले होते. पुढे जेवण झालं नाही.

तू म्हणालीस, मी घर सोडून का जाऊ? दोन माणसं आली, चांगल्या कपड्यांतली, तुला 'अम्मा' म्हणाली, पाणी मागितलं, अर्धा तास बसली. डबा टेबलावर ठेवला. चकल्या कोणी केल्या, ते तू पाहताक्षणी ओळखलंस. जाताना त्यांनी तुझ्या मुलीला जवळ बोलावून नाव विचारलं, शाळा कुठली ते विचारलं, आणि तिने सांगितलं.

सायली. चार वर्षांची.

मला नात आहे, हेच मला माहीत नव्हतं. तिचं नाव माझ्याआधी त्या दोघांना कळलं, आणि त्यांना तिच्यापर्यंत पोचवायला डबा माझा होता.

तू आणखी एक सांगितलंस. माझं पहिलं पत्र यायच्या आधीच तपास अधिकाऱ्यांचा तुला फोन आला होता, आणि तू सांगून मोकळी झाली होतीस: मामा साडेसातला आला, दार मी उघडलं, दरवर्षी तो दलाच्या गणवेशात यायचा, त्या वर्षी कोऱ्या कुडत्यात आला आणि कॉलरखाली दुकानातली टाचणी तशीच होती. म्हणजे मी तुला विसरायला सांगत होते, तेव्हा ते कागदावर आलेलं होतं. मग तू विचारलंस, "आता तू काय सांगणार आहेस?" आणि फोन ठेवलास.

मी काय सांगणार, ते आधी तुला सांगते. माझं ऐकून तू पुन्हा सहा वर्षं बोलली नाहीस, तर ते मला चालेल.

अप्पाराव त्या दुपारी ऑफिसात एकटे असतील, हे प्रकाशला कसं कळलं, देव जाणे, असं मी तुला लिहिलं. मला माहीत आहे कसं कळलं. मी कळवलं.

पाडव्याला अप्पाराव आपल्याकडे आले होते. तू मैत्रिणीकडे गेली होतीस. बाबांच्या फोटोला हार घातला, आणि मग चहा घेताना म्हणाले, "वदिना, उद्या दुपारी ऑफिसात बसून सगळे मूळ कागद लावून घेतो. सुट्टी आहे, कोणी येणार नाही. परवा वकिलाकडे दिले की आपण सुटलो. अनिलचा प्लॉट कुठे जात नाही." बाबांच्या प्लॉटबद्दल गेलेल्या मित्राच्या बायकोला धीर द्यायला म्हणून सांगत होते. कपबशी स्वतः उचलून मोरीत ठेवली आणि गेले.

ते जिना उतरले आणि मी प्रकाशला फोन लावला. त्याचा मला आला नव्हता, मीच लावला. नवरात्रात त्याने मला सांगून ठेवलं होतं, "अप्पाराव तुझ्याशी बोलतात. कुठे जातात, कोणाला भेटतात, तेवढं कानावर घालत जा." पाडव्याच्या आधीही मी दोनदा सांगितलं होतं. ही तिसरी वेळ.

जीव जाईल, असं वाटलं नव्हतं. कागद हिसकावून घेतील, दोन शब्द बोलतील, असं वाटलं. हे खरं आहे, पण याच्यामागे मी लपणार नाही. दलाची मुलं काठ्या घेऊन जातात ते कशासाठी, हे मला वीस वर्षं ठाऊक होतं.

का केलं, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलं. प्रकाशला मी वाढवलं, त्याला नाही म्हणायची मला सवय नव्हती, हे एक. दुसरं लिहायला जास्त जड जातं. मी प्रकाशन्नाची अक्का होते. रेशनच्या दुकानात मला पुढे घ्यायचे. मुख्याध्यापक उठून उभे राहायचे. रिक्षावाला म्हणायचा, "अम्मा, आप बैठो, किसीकू बोलने का नक्को." तुझे बाबा गेल्यावर मला वाटलं होतं, आता आपल्याला कोणी विचारणार नाही. आणि सगळे विचारत होते. ते मला आवडायचं. अप्पारावांचं काय व्हायचं ते होवो, माझा तो मान जायला नको होता.

भाऊबीजेला मामा साडेसातला आला. आंघोळ करून आला होता, केस ओले होते. मी विचारलं, "उशीर?" तो म्हणाला, "अक्का, मी तीनपासून इथेच आहे." मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरं." तू आतल्या खोलीच्या दारात उभी होतीस. तू ते ऐकलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं.

अप्पाराव गेल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला मी मिठीत घेतलं. तिला म्हणाले, हे कोणी केलं, ते मी प्रकाशला शोधून काढायला सांगते.

पुढचं लिहिता येत नाही.

आई


चिक्कडपल्ली
२९ नोव्हेंबर २०२५

ऋचा,

जबाब दिला.

तुझा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आपल्या जिन्याखाली दलाची दोन मुलं बसायला लागली होती. अक्काच्या रक्षणासाठी, असं प्रकाशने सांगितलं. गुडघ्याच्या व्यायामाला मी सिकंदराबादला एका दवाखान्यात जाते. परवा त्यांच्याच गाडीने गेले. मुलं समोरच्या दारी चहा पीत थांबली. मी मागच्या दाराने, औषधांच्या दुकानातून बाहेर पडले आणि रिक्षा केली. चौसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने. तपास अधिकारी एक तरुण बाई आहेत. त्यांनी मला पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि तासाभरात मॅजिस्ट्रेटपुढे नेलं.

मॅजिस्ट्रेट मला तेलुगूत म्हणाले, "तुमचा भाऊ किती वाजता आला, एवढंच सांगायचं असेल तर तेवढंच सांगा. फोनचं सांगायचं तुमच्यावर बंधन नाही. सांगितलंत तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. कळतंय का?"

"कळतंय."

"कोणी धाक घातला आहे? काही आमिष दाखवलं आहे?"

"नाही."

"विचार करायला वेळ हवा आहे?"

मी म्हटलं, तेरा वर्षं घेतली, लिहून घ्या. त्यांनी तरी मला दोन तास बाहेर बाकावर बसवून ठेवलं. तसा नियम आहे म्हणे. मग आत बोलावून पुन्हा तेच विचारलं, आणि मग लिहून घेतलं. माझा जुना जबाबही तिथे होता. त्याच्याखालची सही किती वळणदार होती. फळ्यावर लिहायची तशी.

त्या दोन तासांत प्रिया आली. तिला कोणीतरी कळवलं असणार. वडिलांसारखीच उंच आहे. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी उठून तिच्यापुढे उभी राहिले आणि तिला सगळं सांगितलं, पाडव्यापासून. तिचं तोंड पाहवत नव्हतं, म्हणून मी तिच्या हातातल्या फायलीकडे पाहत सांगितलं.

ती मग म्हणाली, "तुमच्या भावाचं नाव कागदावर आणायला मी बारा वर्षं धावले. तुमचं नाव माझ्या डोक्यातही नव्हतं."

तिने फाईल मांडीवर ठेवली.

"आईला मी हे सांगू शकत नाही. ती अजून म्हणते, सगळ्या गावात अनिलगारूंच्या बायकोनेच मला त्या दिवशी धरून ठेवलं होतं. तुमच्याबद्दल ती दुसरं काही म्हणत नाही."

मी म्हटलं, "मी सांगू का त्यांना?"

"नको," ती म्हणाली. "आमच्या घरी येऊ नका." आणि फाईल घेऊन उठून गेली.

क्षमा मागायचा शब्द माझ्या तोंडात आला होता. तो बाहेर काढला नाही, ते बरं झालं. तो मी माझ्या सोयीसाठी काढला असता.

घरी पोचले, तेव्हा जिन्याखाली कोणी नव्हतं. रात्रीच्या आत सगळीकडे कळलं होतं.

आई


चिक्कडपल्ली
२० जानेवारी २०२६

ऋचा,

प्रकाशला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अटक झाली, ते तू बातम्यांत पाहिलं असशील. पक्षाने दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं, की त्याचा आणि पक्षाचा काही संबंध नाही. चौकातले त्याचे फलक उतरवले. दलाची मुलं दोन दिवस घोषणा देत फिरली. आपल्या दारावर काळा रंग ओतला, तो गंगूने रॉकेलने खरवडून काढला. मग मुलंही पांगली. म्हणे त्यांतली बरीच एका दुसऱ्या अन्नाकडे गेली. राखाडी शर्टच आहे, फक्त पट्टा वेगळा.

रेशनच्या दुकानात आता मी रांगेत उभी राहते.

डिसेंबरच्या शेवटी मी त्याला तुरुंगात भेटायला गेले. भेटायला का गेलीस, असं तू विचारशील. माहीत नाही. स्वेटर घेऊन गेले होते. मधे जाळी, दोन्हीकडे माणसांची गर्दी, सगळे ओरडून बोलतात. तो मात्र हळू बोलत होता, म्हणून मला जाळीला कान लावावा लागला.

"गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"मी किती वाजता आलो ते सांगितलंस, ठीक आहे. ऋचाने सांगितलंच होतं. पण फोनचं कशाला सांगितलंस, अक्का?"

हातातल्या स्वेटरची घडी मी पुन्हा घातली.

"ते कुणालाच ठाऊक नव्हतं. किशोरलापण नाही. अप्पाराव ऑफिसात एकटे आहेत हे कसं कळलं, असं तेव्हा पोलिसांनी मला दहा वेळा विचारलं. तेरा वर्षं मी कुणाला बोललो नाही. फाशी दिली असती तरी बोललो नसतो."

ऋचा, तो खरं बोलत होता. त्याने माझं नाव तेरा वर्षं पोटात ठेवलं होतं. मला त्याची माया आली. अप्पारावांच्या खुन्याची माया आली आणि त्याच जागी उभी असताना तिची लाजही वाटली, दोन्ही एकदम. यातलं एक खरं आणि एक खोटं असतं तर बरं झालं असतं.

मी विचारलं, "त्या दिवशी अप्पाराव काय म्हणाले?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, "म्हणाले, यात तुझ्या अक्काच्या प्लॉटचेपण कागद आहेत रे, तिचा तरी विचार कर. मी म्हटलं, अक्काचं मी बघतो."

"मग?"

"मग काय? त्यांनी पिशवी छातीशी धरली. सोडेनात." पुढे म्हणाला, "पहिली काठी माझी होती. पोरांना वाटलं, अन्नाने हात उचलला म्हणजे चालू करायचं."

मी स्वेटर शिपायाकडे दिला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी त्याचं हे बोलणंही मी तपास अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यानंतर दोनदा गेले, तर आतून निरोप आला, कैद्याला भेटायचं नाही. आता तो मला कधी भेटेल, असं वाटत नाही. नऊ वर्षांचा असताना कुत्रं दिसलं की माझ्यामागे लपायचा, तो मुलगा आणि हा माणूस यांच्यामध्ये मी कुठे कुठे गप्प राहिले, ते मोजायला मला आता पुष्कळ वेळ आहे.

आता माझं. मागच्या आठवड्यात पुरवणी आरोपपत्रात माझं नाव घातलं. आरोपी क्रमांक पाच. कटात सामील, आणि खोटा जबाब. वय पाहून अटक केली नाही, जामीन दिला. वकील म्हणाले, कबुली मागे घेता येते, दबावाखाली दिली म्हणता येईल. मी नाही म्हटलं. शिक्षा किती होईल, ते त्यांनी सांगितलं, तेही मी नीट ऐकून घेतलं. तू त्याची काळजी करू नकोस. करत नसलीस तरी काही हरकत नाही.

जामिनाच्या कागदावर उद्या सकाळी सही करायची आहे. त्यात एक अट आहे: आरोपीने सरकारी साक्षीदाराशी भेटून, फोनवर किंवा पत्राने कोणताही संपर्क ठेवायचा नाही. सरकारी साक्षीदार तू आहेस. सही केल्यावर ती अट मी मोडणार नाही, म्हणून आज लिहिते आहे आणि संध्याकाळी पोस्ट बंद व्हायच्या आत टाकणार आहे. खटला संपायला तीन-चार वर्षं लागतील, असं वकील म्हणतात. तोपर्यंत सायलीला वाचता यायला लागेल. तिला मराठी शिकवशील की नाही, ते तुझं तू ठरव.

साक्षीला तू येशील, तेव्हा मी आरोपींच्या बाकावर असेन. मी तुझ्याकडे पाहणार नाही, म्हणजे तुला बोलायला जड जाणार नाही. सरकारी वकील आधी वेळ विचारतील. साडेसात म्हण. मी नंतर काय जबाब दिला, ते तुला ठाऊक आहे का, असं विचारतील. खोटा दिला, म्हण. समोरचे वकील तुला फिरवून फिरवून विचारतील, चिडू नकोस, पाणी माग, सावकाश बोल.

आणि सगळ्यात आधी, ओळख पटवायला, माझ्याकडे बोट करून विचारतील, आरोपी क्रमांक पाच तुमच्या कोण. तिथे अडखळू नकोस. आई, म्हणून सांग.

लीला उमरीकर